आधी रबर, मग गादी

"ऐरोलीत राहतो. वडिलांनी घेतलेली २०११ ची वॅगनआर आहे, एक लाख दहा हजार किलोमीटर झालेत. वडील गेले, गाडी राहिली. विकायचं मन होत नाही. आजवर ती ठाणे, दादर आणि फार तर लोणावळा एवढीच फिरली. यंदा गणपतीला कुडाळला गावी न्यायची आहे, जमलं तर दिवाळीत हंपी. सोबत बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि आई. आईचे गुडघे दुखतात, मुलीला गाडी लागते आणि मला तासाभरात कंबर धरते. ॲक्सेसरीवाल्याने सीटकव्हर, जाड सेव्हन-डी मॅट, टचस्क्रीन, एलईडी दिवे, अलॉय व्हील आणि रुंद टायर मिळून ६५ हजारांचं कोटेशन दिलंय. मेहुणा म्हणतो, एवढ्यात नव्या गाडीचं डाउनपेमेंट होईल. माझ्याकडे चाळीसेक हजार आहेत. काय करू?"
— एक वाचक, ऐरोली

कोटेशन घडी घालून डॅशबोर्डच्या खणात ठेवा. फाडू नका, त्यातली एखादी ओळ पुढे कामाला येईल. मेहुण्यांना सांगा की डाउनपेमेंटनंतर हप्ते असतात, ते त्यांनी हिशोबात धरलेले दिसत नाहीत. आणि चाळीस हजार घेऊन तुम्ही ॲक्सेसरीच्या दुकानाऐवजी सस्पेन्शनचं काम करणाऱ्या एखाद्या गॅरेजात जा.

पंधरा वर्षांत एक लाख दहा हजार म्हणजे वर्षाला सात-साडेसात हजार किलोमीटर. एवढ्याने इंजिन थकत नाही. तुमच्या गाडीत ९९८ सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन आहे. त्याला टायमिंग बेल्ट नसतो, चेन असते. ऑइल वेळच्या वेळी बदललेलं असेल तर त्याची काळजी सोडा. थकतं ते रबर. रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षं मोजतं. उभ्या गाडीतलंही वाळतं, कडक होतं, चिरतं. इंजिन ज्यावर टेकलंय ते रबर, चाकांचे आर्म ज्यात फिरतात ते रबर, दाराच्या कडेचं, वायपरचं, टायरचं, पेट्रोलच्या नळीचं. रस्त्यावरचा प्रत्येक धक्का आणि इंजिनाची प्रत्येक थरथर यातल्या कुठल्या तरी तुकड्यातून गाळून तुमच्या कंबरेपर्यंत येते. गाळणंच फाटलं असेल तर वर कितीही मऊ गादी घाला.

हे मी स्वतः पैसे घालवून शिकलो. माझ्याकडे एक जुनी हॅचबॅक होती. ठाण्याहून कोल्हापूरला निघालं की सातारा यायच्या आत पाठ बोलायला लागायची. आधी जाड सीटकव्हर घेतलं. मग टॅक्सीवाल्यांसारखं लाकडी मण्यांचं आसन. मग कंबरेची उशी, तीही दोनदा, कारण पहिली मांजराने फाडली. शेवटी आमच्या म्हाताऱ्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं आणि म्हणाला, "साहेब, जरा ॲक्सिलरेटर द्या आणि इकडे बघा." इंजिन झोपाळ्यासारखं हलत होतं. माउंटिंगचं, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं ते रबर फाटलं होतं. ते बदललं आणि उशी माळ्यावर गेली.

तीन सिलिंडरचं इंजिन मुळातच चार सिलिंडरपेक्षा जास्त हलतं, म्हणून तुमच्या गाडीत माउंटिंगला फारच महत्त्व. घरच्या घरी तपासायचं तर गाडी न्यूट्रलमध्ये उभी करा, एसी लावा आणि मधल्या आरशात बघा. कॉम्प्रेसर लागला की आरशातलं चित्र धूसर होत असेल, स्टिअरिंगवर ठेवलेली बोटं झिणझिणत असतील, तर संशय घ्यायला जागा आहे. प्लग बदलून आणि थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनाला हवा सोडणारी झडप, साफ करूनही हे थांबलं नाही, तर माउंटिंग बदलायला सांगा.

सस्पेन्शनची परीक्षा आणखी मजेशीर आहे. रात्री गर्दी नसताना सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीला लागून, काचा खाली करून, पहिल्या गिअरमध्ये स्पीडब्रेकरवरून जा. भिंतीवरून आवाज परत येतो, त्यामुळे एरवी न ऐकू येणारी खडखड स्पष्ट ऐकू येते. छोट्या खाचखळग्यांवर 'टक टक' आलं तर बुश (आर्म ज्यात फिरतात ती रबरं), बॉलजॉइंट (चाकाकडचा गोल सांधा) किंवा स्ट्रटचं, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या खांबाचं, वरचं माउंटिंग. पूर्ण स्टिअरिंग वळवून चालवताना 'कट कट कट' आलं तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट. नंतर प्रत्येक कोपऱ्यावर भार देऊन गाडी दाबा आणि सोडा. वर येऊन जागेवर थांबली तर शॉकअप ठीक. दोन-तीनदा डोलली, किंवा शॉकअपच्या नळीवर तेलकट धूळ चिकटलेली दिसली, तर तो गेला. शॉकअप एकटा बदलत नाहीत, पुढची जोडी किंवा मागची जोडी. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे वाट्टेल ते पार्ट मिळतात. दाराचं हँडल, आरसा, चाकाची टोपी तिथून खुशाल आणा, पण जुना शॉकअप आणि जुना बुश आणू नका. दुसऱ्याचं वाळलेलं रबर आपल्या गाडीत घालून काय मिळवणार?

गॅरेजवाला म्हणेल, 'सगळंच बदलून टाकू.' गाडी लिफ्टवर चढवायला लावा, पहारीने प्रत्येक बुश हलवून दाखवायला सांगा आणि जे डोळ्यांनी ढिलं दिसेल तेवढंच बदला. हे काम झालं की मगच अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा जुळवणं. आधी केलेली अलाइनमेंट फुकट जाते.

टायर. नक्षी किती उरली हे सगळे बघतात, वय कुणी बघत नाही. टायरच्या कडेला 'डीओटी'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१८ लिहिलं असेल तर तो टायर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. कमी फिरणाऱ्या गाडीत नक्षी शाबूत आणि रबर दगड, असा प्रकार हमखास सापडतो. असा टायर आवाज करतो, दणके देतो आणि पावसात घसरतो. सहा वर्षं उलटलेले टायर मी तरी गणपतीच्या पावसात कोकणात नेणार नाही. स्टेपनीचंही वय बघा, ती बहुधा गाडीएवढीच म्हातारी असते. नवे टायर कंपनीच्या मूळ मापाचेच घ्या. रुंद टायर आणि मोठं अलॉय म्हणजे टायरची भिंत बुटकी. खड्डा आणि तुमच्यामध्ये जी हवेची उशी असते तीच तुम्ही पैसे देऊन कमी करणार. कोटेशनमधली ती ओळ इथेच खोडा.

हवेचा आकडा गाडीवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो. पंपावरचा मुलगा विचारतो, "पस्तीस मारू?" आणि आपण मान हलवतो. अर्धा कडकपणा त्या मान हलवण्यातून येतो. हवा टायर गार असताना भरायची, म्हणजे घराजवळच्या पंपावर, निघताना. वाटेत तापलेल्या टायरमधला वाढलेला आकडा बघून हवा सोडू नका. नायट्रोजनच्या नादी लागलात तरी बिघडत नाही, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. आणि ऐंशी-नव्वदच्या वेगात स्टिअरिंग थरथरत असेल तर बॅलन्सिंग करून घ्या, ब्रेक दाबल्यावरच थरथरत असेल तर डिस्क दाखवा.

आता तुमची कंबर. आधी एक विचारतो. पैशाचं पाकीट मागच्या खिशात ठेवून गाडी चालवता का? ठेवत असाल तर ते आजपासून दाराच्या खणात. एका बाजूने उचललेल्या माकडहाडावर तासभर बसलं तर विशीतल्या माणसालाही कंबर धरेल.

पंधरा वर्षं वडील आणि तुम्ही त्याच जागी बसलात, म्हणजे ड्रायव्हर सीटचा फोम बसलेला असणारच. फोम हा रबराचाच चुलत भाऊ. बसल्यावर ढुंगण गुडघ्यांपेक्षा खाली जात असेल तर मांड्यांखाली आधार राहत नाही आणि सगळा भार कंबरेवर येतो. सीटकव्हरवाल्याला कव्हर विकू देण्याआधी सीट उघडायला लावा. आतली जाळी किंवा स्प्रिंग वाकली असेल तर नीट करून घ्या, फोम नवा आणि घट्ट घाला. मऊ फोम दुकानात पाच मिनिटं बसल्यावर आवडतो, वडखळपर्यंत त्याची चटणी होते. वरून कापडी कव्हर. रेक्झीन पुसायला सोपं, पण ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमटपणात पाठीला चिकटतं. सीट रुळावर डुगडुगत असेल तर तोही नट आवळून घ्या.

बसायची पद्धतही बदला. आपल्याकडे पाठ मागे रेलून, हात लांब करून चालवायची फॅशन आहे. बूड मागे पूर्ण टेकवा. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा. खांदे सीटला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आलं पाहिजे. हेडरेस्ट मानेला नव्हे, डोक्याच्या मागे, कानांच्या उंचीला. कंबरेच्या खोलगट भागात एक टॉवेल गुंडाळून ठेवा, मनगटापेक्षा थोडा जाड. अर्ध्या तासाने नको वाटला तर काढता येतो. हीच त्या टॉवेलची विकतच्या उशीवर कुरघोडी आहे.

आईंच्या बाबतीत वडिलांनी नकळत चांगली गाडी घेऊन ठेवली आहे. वॅगनआरची सीट उंच असते, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या माणसाला खुर्चीत बसल्यासारखं बसता येतं. खाली बसा आणि मग उठताना दार धरून लोंबकळा, असं होत नाही. त्यांना मागे बसवू नका, पुढे डावीकडे बसवा आणि सीट पूर्ण मागे सरकवा. आत शिरताना आधी पाय नाही, आधी बैठक. दाराकडे तोंड करून सीटवर टेकायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत. सीटवर एखादी गुळगुळीत पिशवी पसरली तर वळणं सोपं जातं, वळून झालं की ती काढून घ्या. पाय लोंबकळत असतील तर पायांखाली घडी केलेली सतरंजी द्या. लाकडी पाट देऊ नका, जोराचा ब्रेक लागला की तोच पाट नडगीवर येईल. आणि दर दोन तासांनी उतरून पाच मिनिटं चालायचं, त्यांनीही आणि तुम्हीही. आई 'मी बरी आहे, चल तू' म्हणतील. सगळ्या आया म्हणतात. तुम्ही तरीही थांबा.

मुलीला गाडी लागते त्याचं निम्मं कारण शॉकअपमध्येच सापडेल. गेलेल्या शॉकअपची गाडी होडीसारखी डोलते, आणि डोळ्यांना आतली स्थिर सीट दिसत असताना कानातला तोल मात्र हलण्याची वर्दी देत राहतो, त्या भांडणातून मळमळ येते. म्हणून तिला बाहेर दिसलं पाहिजे. बेल्ट तिच्या खांद्याऐवजी मानेवर येत असेल तर मुलांना उंच बसवणारी बूस्टर सीट घ्या. बेल्टही नीट बसतो आणि खिडकीबाहेरही दिसतं. कोटेशनमधल्या टचस्क्रीनऐवजी ही खरेदी करा. मोबाइल आणि पुस्तक बंद, निघताना पोट हलकं पण रिकामं नाही, जवळ आलेपाक किंवा आवळा सुपारी. गाडीतला तो गोड वासाचा परफ्युम मात्र काढून टाका, निम्म्या महाराष्ट्राला गाडी त्यानेच लागत असावी असा माझा जुना संशय आहे. गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून मुलीला द्या, स्वतः चुकूनही घेऊ नका. तिने झोप येते.

एसीचा गॅस पेट्रोलसारखा संपत नसतो. दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे, ती शोधायला सांगा. रेडिएटरसमोरच्या एसीच्या कंडेन्सरच्या जाळीतला चिखल पाण्याने धुवून घ्या, केबिन फिल्टर असेल तर बदला, आणि पुढच्या डाव्या सीटच्या पायाशी मॅट ओली होत असेल तर एसीच्या पाण्याची नळी तुंबली आहे. कुबट वासाचं मूळ बहुतेकदा तिथंच. लांबच्या प्रवासात हवा आतल्या आत फिरवायचं बटण सतत लावून ठेवू नका. चार माणसांच्या श्वासाने आत कार्बन डायऑक्साइड साचतो आणि ड्रायव्हरचे डोळे जड होतात. दर अर्ध्या तासाने थोडा वेळ बाहेरची हवा घ्या. सगळ्यांचंच डोकं दुखायला लागलं तर मात्र ते वेगळं प्रकरण. जुन्या गाडीत सायलेन्सर कुठे फुटला असेल तर धूर आत येतो. गाडी लिफ्टवर असतानाच तो बघून घ्या.

आवाजानेही माणूस थकतो, हे आपण धरतच नाही. दाराच्या कडेचं रबर, म्हणजे बीडिंग, दाबून बघा. दाबलेलं वर येत नसेल तर बदला. वाऱ्याची शिट्टी जाते आणि पावसाचं पाणीही. मागच्या ट्रेखाली, जॅकजवळ, स्टेपनीभोवती जुन्या चादरीचे तुकडे कोंबा. एवढ्याने गाडी किती शांत होते ते बघाच.

उरलेलं कोटेशन. सेव्हन-डी मॅट नको. जाड मॅट ॲक्सिलरेटरखाली सरकून पेडल अडकू शकतं. आहे तीच मॅट, एकावर एक न घालता, हुकात अडकवून. एलईडीही नकोत. तुमच्या दिव्याची वाटी हॅलोजनसाठी बनवलेली आहे, त्यात एलईडी घातला की उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जास्त आणि रस्त्यावर कमी. पिवळी पडलेली काच पॉलिश करून घ्या, ठरलेल्या वॅटचेच नवे बल्ब घाला, पुढची काच आतून पुसा. काळ्या फिल्मचं दुकानदाराने सुचवलं तर २०१२ चा सर्वोच्च न्यायालयाचा बंदीचा आदेश त्याला आठवत नाही असं समजा.

एवढं आरामाचं. पण घाटात आराम ब्रेकपासून सुरू होतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि उतारावर तापलं की त्या पाण्याची वाफ होते, मग पेडल खाली जातं. दोन वर्षांत बदललं नसेल तर बदला. कूलंटच्या नळ्या दाबून बघा, रेडिएटरचा पंखा लागतो का बघा. गणपतीच्या आदल्या दिवशी माणगावच्या रांगेत एसी लावून उभं राहिलात की गाडीची खरी परीक्षा असते. तापमानाचा लाल दिवा लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण, ब्लोअर पूर्ण, कडेला घेऊन इंजिन बंद. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, म्हणजे नाहीच. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि २०११ च्या गाडीतली रबरी नळी ते डोळ्यासमोर ठेवून बनवलेली नाही. टाकीपासून इंजिनापर्यंतची पेट्रोलची नळी तपासून, चिरली असेल तर बदलून घ्या. पुन्हा रबरच.

आरसी काढून तारीख बघा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपत आली असेल तर आरटीओत गाडी दाखवून पुढच्या पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून घ्यावं लागतं, वर हरित कर. हे काम गणपतीच्या आठवड्यावर ठेवू नका.

पैसे कमी पडलेच तर क्रम असा ठेवा: ब्रेक आणि टायर, मग माउंटिंग आणि सस्पेन्शन, मग ड्रायव्हरच्या सीटचा फोम. बीडिंग पुढच्या महिन्यात गेलं तरी चालेल. हंपीचा बेत मात्र कुडाळहून परत आल्यावर ठरवा, आधी नाही.

कुडाळला निघण्याच्या दोन आठवडे आधी एका रविवारी चौघांना घेऊन, डिकीत सामानाचं वजन टाकून कसारा घाट चढून इगतपुरीला जा आणि जेवून परत या. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरच्या आसपास होतील. घोडबंदरला गायमुखपर्यंत फिरून आलात तर खड्ड्यांची परीक्षा होते, चढाची आणि वेळेची होत नाही. त्या दिवशी कुणाला काय दुखलं, कुठे खडखडलं, शहापूरच्या आधी आई कितीदा सरकून बसल्या, सगळं वहीत लिहा आणि सोमवारी गॅरेजवाल्यापुढे वही ठेवा. दुरुस्त केलेल्या गाडीत एखादा नट ढिला राहतोच, तो शहापूरला कळलेला बरा, हातखंब्याला नको.

निघायची वेळ पहाटे चार-पाचची ठेवा, पण रात्री दहाला झोपून. ऑफिसातून येऊन, जेवून, रात्री बाराला निघायचं आणि तीन वाजता पोलादपूरच्या अंधारात डोळे चोळायचे, हे करू नका. कशेडीचा घाट आता बोगद्याने टळतो, परशुराम घाटात पावसात सावकाश. ताशी ऐंशीच्या पुढे जायची गरज नाही. तुमची गाडी ऐंशीला शांत असते आणि शंभरला ओरडते, आणि वाचणारा अर्धा तास कंबरेतून वसूल होतो.

परतीचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी कोकणातला जावई आहे, मला माहीत आहे. जाताना डिकीत चार बॅगा असतात, येताना तांदूळ, नारळ, कोकमं, एखादा भोपळा आणि काकूने 'एवढंसंच' म्हणून दिलेली दोन पोती. नारळाचं पोतं टपावर बांधू नका, मागच्या सीटच्या पाठीला टेकवून तळाशी ठेवा. स्टिकरवर पूर्ण भाराचा हवेचा आकडा वेगळा लिहिलेला असतो. कुडाळहून निघायच्या सकाळी टायर गार असताना मागच्या दोन चाकांत तेवढी हवा भरा, मग पोतं चढवा.